अमेरिकन फुटबॉलचे दिनविशेष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉलमधील गाजलेले प्रसंग आणि खेळाडूंचे जन्मदिवस यांची तारीखवार यादी करू लागल्यापासून वाचकांचे तेच ते प्रश्न सारखे येत असतात. त्यांतले निवडक प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसरीकडे पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चेंडू हातात धरून पळायचे आणि तरीही त्याला फुटबॉल म्हणायचे, हा काय प्रकार आहे?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या फुटबॉलचे प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे होते. कोठे चेंडूला फक्त पायाने मारायचे, तर कोठे रग्बीप्रमाणे तो उचलून पळायचे. पुढे रग्बीकडे झुकलेले नियम टिकले, पण नाव जुनेच राहिले. येल विद्यापीठाचे वॉल्टर कॅम्प (जन्म ७ एप्रिल १८५९) यांच्या पुढाकाराने १८८० मध्ये दोन्ही संघांत ११-११ खेळाडू ठरले आणि रग्बीतील झुंबडीऐवजी एका संघाच्या ताब्यात चेंडू देऊन डाव सुरू करण्याची पद्धत आली. हा खेळ रग्बीपासून वेगळा झाला तो या दुसऱ्या बदलामुळे.

आजच्या नियमांप्रमाणे चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि अशा प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचल्यास टचडाउनचे ६ गुण मिळतात, तर खांबांच्या मधून चेंडू लाथाडल्यास फील्ड गोलचे ३ गुण मिळतात. पुढची उत्तरे समजण्यासाठी एवढे पुरेसे आहे. जुने धावफलक वाचताना मात्र जपून वाचावे, कारण टचडाउनचे ६ गुण १९१२ पासूनचे आहेत आणि त्याआधी ते ४ व नंतर ५ होते.

२. या खेळाचा वाढदिवस कोणता धरायचा?

तीन तारखा सांगितल्या जातात आणि आपण काय मोजतो आहोत त्यावर त्यांतली कोणती धरायची हे ठरते. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांचा सामना झाला व रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. हा कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना मानतात, परंतु प्रत्येक बाजूला २५ खेळाडू होते आणि चेंडू उचलून पळण्यास मनाई होती, त्यामुळे आजच्या प्रेक्षकाला तो खेळ ओळखूही आला नसता. १२ नोव्हेंबर १८९२ ही व्यावसायिक फुटबॉलची जन्मतारीख होय. त्या दिवशी पिट्सबर्गमधील एका सामन्यासाठी अ‍ॅलेगेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनने विल्यम ‘पज’ हेफेलफिंगर या येलच्या माजी खेळाडूला ५०० डॉलर दिले, त्याने सामन्यातील एकमेव टचडाउन केला आणि संघ ४-० असा जिंकला. तेव्हा ही रक्कम गुप्त ठेवण्यात आली होती. क्लबच्या हिशेबाच्या कागदावर ती नोंदलेली असल्यामुळेच पुढच्या काळात हा प्रकार उघड झाला.

तिसरी तारीख १७ सप्टेंबर १९२० ही आहे. तिच्याविषयी पुढच्या उत्तरात सांगितले आहे.

३. १७ सप्टेंबरला एवढ्या नोंदी कशा? चूक तर नाही ना?

चूक नाही, योगायोग आहे. १७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायो राज्यातील कॅन्टन येथे राल्फ हे यांच्या हपमोबिल मोटारींच्या शोरूममध्ये निरनिराळ्या संघांचे मालक जमले आणि त्यांनी जी संघटना स्थापन केली, तिचेच १९२२ मध्ये ‘नॅशनल फुटबॉल लीग’ (यापुढे ‘एनएफएल’) असे नामकरण झाले. खुर्च्या पुरेशा नसल्यामुळे काही जण मोटारींच्या पायऱ्यांवर बसले होते, ही आठवण तेथे हजर असलेले शिकागोचे जॉर्ज हॅलस पुढे सांगत असत. संघटनेचे सभासदत्व १०० डॉलरचे ठरले, पण ते प्रत्यक्षात कोणीच भरले नाही, हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे.

याच तारखेला १९२७ मध्ये पेन्सिल्व्हेनियात जॉर्ज ब्लांडा जन्मला आणि १९९५ मध्ये, म्हणजे लीग बरोबर ७५ वर्षांची झाली त्या दिवशी, पॅट्रिक माहोम्सचा जन्म झाला. माहोम्सचे नाव आज सर्वांना माहीत आहे, पण ब्लांडाची गोष्ट मला जास्त आवडते. तो क्वार्टरबॅकही (चढाई रचणारा व चेंडू फेकणारा खेळाडू) होता आणि चेंडू लाथाडणारा किकरही होता, त्याने २६ हंगाम खेळून काढले आणि वयाच्या ४८ व्या वर्षी तो शेवटच्या सामन्यात उतरला. १९७० च्या हंगामात, वयाची ४३ वर्षे उलटल्यावर, त्याने ओकलंड रेडर्सला लागोपाठ पाच सामन्यांत सावरले; त्यांपैकी चार सामने जिंकले आणि एक बरोबरीत सुटला.

४. पहिला सुपर बोल १९६६ चा की १९६७ चा? दोन्ही वर्षे वाचायला मिळतात.

हंगाम १९६६ चा आणि सामना १९६७ चा, असे दोन्ही खरे आहे. हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि त्याचा निर्णायक सामना, म्हणजेच सुपर बोल, पुढच्या कॅलेंडर वर्षात होतो. ग्रीन बे पॅकर्सने लॉस एंजेलिस येथे कॅन्सस सिटी चीफ्सवर ३५-१० असा विजय मिळवला ती तारीख १५ जानेवारी १९६७ होती आणि दिनविशेषात ती तशीच द्यावी लागते. विजेत्यांच्या यादीत मात्र बहुधा हंगामाचे वर्ष असते. याच गोंधळामुळे सामन्यांना रोमन अंक देण्याची पद्धत रूढ झाली, म्हणजे वर्ष न सांगता नुसता क्रमांक सांगता येतो. अपवाद पन्नासाव्या सामन्याचा (७ फेब्रुवारी २०१६): रोमन पद्धतीने तेथे केवळ ‘एल’ हे एकच अक्षर आले असते, ते शोभणार नाही म्हणून त्या वर्षी साधे ५० लिहिले.

जोडीला आणखी एक खाचखळगा आहे. सुपर बोल पूर्वी जानेवारीत होत असे. सप्टेंबर २००१ मधील दहशतवादी हल्ल्यांनंतर एका आठवड्याचे सामने पुढे ढकलावे लागले आणि ३ फेब्रुवारी २००२ रोजी प्रथमच तो फेब्रुवारीत गेला. २६ जानेवारी २००३ नंतर तो कधीही जानेवारीत झालेला नाही. म्हणून ‘फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा रविवार’ हा आजचा हिशेब जुन्या सामन्यांना लावू नये.

५. मी सुपर बोल सोमवारी पाहिला, यादीत रविवार का?

यादीतील प्रत्येक तारीख सामना जेथे झाला तेथील आहे. सुपर बोल अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाटेची पाच वाजण्याची वेळ असते. पुण्यामुंबईचे चाहते चहा घेऊन टीव्हीसमोर बसतात आणि मध्यंतरानंतर कामाच्या घाईत अर्ध्यावर उठतात, ते यामुळेच. सोमवारी रात्रीचा सामना तर आपल्याकडे मंगळवारी सकाळी होतो. जन्मदिवसांनाही हाच नियम लावला आहे.

६. हा खेळ एकदा बंद पडण्याच्या बेतात होता, हे खरे आहे का?

खरे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेळाडू हातात हात गुंफून, पाचर ठोकावी तसे एकाच ठिकाणी घुसत आणि त्या दाटीत दरवर्षी तरुण मुले दगावत. १९०५ च्या हंगामात तर मृतांची संख्या दीड डझनाच्या आसपास गेली आणि काही विद्यापीठांनी खेळच बंद केला. ९ ऑक्टोबर १९०५ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच वर्षी हार्वर्डच्या संघात खेळत होता. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि चेंडू हाताने पुढे फेकण्यास, म्हणजेच फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली, जेणेकरून खेळाडू मैदानभर पांगावेत.

५ सप्टेंबर १९०६ रोजी सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने असा पहिला अधिकृत पास टाकला. तो कोणाच्याही हाती लागला नाही, आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे पास जमिनीवर पडला की चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याकडे जात असे. पहिल्या पासचे पहिले फळ असे नुकसानीचे होते. त्याच सामन्यात त्याने नंतर जॅक श्नायडरकडे टाकलेल्या पासवर टचडाउन झाला.

७. ‘आजवरचा सर्वोत्तम सामना’ म्हणून २८ डिसेंबर १९५८ चा उल्लेख येतो. त्यात एवढे काय होते?

खरे सांगायचे तर त्यात चुकाही पुष्कळ झाल्या. तरीही न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममधील त्या अंतिम सामन्यात बाल्टिमोर कोल्ट्सने न्यूयॉर्क जायंट्सशी सात सेकंद उरले असताना फील्ड गोल करून १७-१७ अशी बरोबरी साधली आणि एनएफएलच्या इतिहासात प्रथमच विजेतेपद जादा वेळेत ठरण्याची वेळ आली. जो पहिला गुण मिळवील तो जिंकेल, असा नियम होता. सामना संपला असे समजून काही खेळाडू निघायच्याच तयारीत होते. कोल्ट्सचा क्वार्टरबॅक जॉनी युनायटस (जन्म ७ मे १९३३) याने शांतपणे ८० यार्डांची चढाई रचली आणि अ‍ॅलन अमिचीने शेवटच्या एका यार्डाची झेप घेऊन २३-१७ असा विजय मिळवून दिला. हे सगळे देशभरच्या टीव्हीवर दिसले. बेसबॉलच्या देशात टीव्हीचा खेळ म्हणून फुटबॉलने त्या संध्याकाळी पाय रोवले, म्हणून या तारखेचे एवढे महत्त्व आहे.

८. ‘आइस बोल’ नावाचा सामना खरोखर बर्फात झाला होता का?

तो बर्फात नव्हे, तर गोठलेल्या जमिनीवर झाला. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे पॅकर्स आणि डॅलस काउबॉइज यांच्यातील एनएफएलच्या अजिंक्यपदाचा सामना सुरू झाला तेव्हा तापमान उणे २५ अंश सेल्सिअस होते. मैदानाखाली ऊब देणाऱ्या विजेच्या तारांची यंत्रणा बसवलेली होती, ती नेमकी त्याच दिवशी निकामी ठरली. सुरुवातीलाच पंच नॉर्म शॅक्टर यांनी धातूची शिट्टी फुंकली आणि ती ओठांनाच चिकटली. ओढून काढताना कातडी सोलली गेली. त्यानंतर पंचांनी पूर्ण सामना शिट्टीशिवाय, ओरडून चालवला. १६ सेकंद उरले असताना, तीन गुणांनी मागे असलेल्या पॅकर्सचा चेंडू गोलरेषेपासून हातभर अंतरावर होता. फील्ड गोल घेऊन बरोबरी साधणे शक्य होते, परंतु क्वार्टरबॅक बार्ट स्टार (जन्म ९ जानेवारी १९३४) स्वतःच चेंडू घेऊन घुसला आणि सामना २१-१७ असा संपला. दोनच आठवड्यांनी पॅकर्सने दुसरा सुपर बोलही जिंकला.

९. फ्रँको हॅरिसच्या त्या झेलाचा वाद नेमका कशावरून आहे?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. २३ डिसेंबर १९७२, पिट्सबर्ग. घरचा संघ स्टीलर्स रेडर्सपेक्षा ६-७ असा मागे होता, २२ सेकंद बाकी होते आणि चौथा, म्हणजे शेवटचा, डाउन होता. स्टीलर्सच्या टेरी ब्रॅडशॉने सहकारी फ्रेंची फुक्वाकडे पास टाकला, त्याच क्षणी रेडर्सचा जॅक टेटम फुक्वावर येऊन आदळला आणि चेंडू उलट दिशेने उडाला. जमिनीला लागण्याच्या बेतात असलेला तो चेंडू फ्रँको हॅरिसने (जन्म ७ मार्च १९५०) पळता पळता बुटांच्या उंचीवर उचलला आणि थेट टोक गाठले. निकाल १३-७ असा लागला.

वाद असा की, त्या वेळच्या नियमाप्रमाणे चढाई करणाऱ्या संघाच्या एका खेळाडूला लागलेला चेंडू मध्ये प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाल्याशिवाय त्याच संघाच्या दुसऱ्या खेळाडूला झेलता येत नसे. चेंडू टेटमला लागला असेल तर झेल वैध, फक्त फुक्वाला लागला असेल तर अवैध. पंचांनाही लगेच खात्री नव्हती. मुख्य पंचांनी मैदानावरच्या फोनवरून वर बसलेल्या पंचप्रमुखांशी बोलून मगच हात वर केले. उपलब्ध चित्रीकरणावरून प्रश्न आजतागायत सुटलेला नाही, आणि रेडर्सचे जुने खेळाडू तो सोडायलाही तयार नाहीत. तो नियम १९७८ मध्ये रद्द झाला, म्हणजे आज तसाच प्रसंग घडला तर भांडणाला जागाच उरणार नाही.

दोन तपशील सहसा सांगितले जात नाहीत. घरच्या मैदानावरचे सामने त्या शहरात टीव्हीवर दाखवायचे नाहीत असा तेव्हा लीगचा दंडक होता, त्यामुळे मैदानाबाहेरच्या पिट्सबर्गकरांना हा झेल थेट पाहायलाच मिळाला नाही. आणि संघाचे वयोवृद्ध मालक आर्ट रूनी, आपण हरलो असे समजून, खेळाडूंचे सांत्वन करायला लिफ्टने खाली निघाले होते. तो क्षण त्यांनीही पाहिला नाही. हॅरिसचे निधन २० डिसेंबर २०२२ रोजी, या झेलाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी झाले. म्हणून डिसेंबरच्या त्या आठवड्यात त्याचे नाव यादीत दोनदा येते.

१०. ‘हेल मेरी’ हे नाव कोठून आले?

कॅथलिक प्रार्थनेवरून, गोव्यातील कोंकणी घरांत ‘नमान मोरिये’ म्हणून जी म्हणतात तीच ही प्रार्थना. २८ डिसेंबर १९७५ रोजी (तारीख प्रश्न ७ मधलीच, वर्ष वेगळे) मिनेसोटात डॅलसचा क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाक याने अर्धा मिनिट उरला असताना ड्रू पिअरसनकडे सुमारे ५० यार्डांचा पास टाकला आणि डॅलसने सामना १७-१४ असा जिंकला. डोळे मिटून मेरीची प्रार्थना केली, असे स्टॉबाकने नंतर सांगितले आणि तेव्हापासून अशा शेवटच्या आशेच्या लांब पासला हेच नाव पडले. हा शब्दप्रयोग नोत्र दाम विद्यापीठाच्या फुटबॉलमध्ये त्याआधी कित्येक वर्षे होता, परंतु घराघरांत तो पोहोचला तो या पासमुळे. चिडलेल्या प्रेक्षकांतून भिरकावलेली व्हिस्कीची बाटली एका पंचाच्या कपाळावर बसली, हीसुद्धा त्याच दिवसाची नोंद आहे.

११. सामना संपण्यापूर्वीच प्रक्षेपण बंद केल्याची कथा खरी आहे का?

होय, १७ नोव्हेंबर १९६८ ची. न्यूयॉर्क जेट्स रेडर्सविरुद्ध ३२-२९ असे पुढे होते, साधारण एक मिनिट उरला होता आणि सात वाजताच ‘एनबीसी’ वाहिनीने देशाच्या मोठ्या भागात सामना तोडून ठरल्याप्रमाणे ‘हायडी’ हा बालचित्रपट सुरू केला. पडद्यावर आल्प्स पर्वत आणि मैदानावर रेडर्सचे दोन टचडाउन, अशी गत झाली; निकाल ४३-३२ असा रेडर्सच्या बाजूने लागला. तक्रारींच्या फोनमुळे वाहिनीचा टेलिफोन बोर्ड बंद पडला. त्यानंतर सामना पूर्ण दाखवण्याचे बंधन प्रक्षेपणाच्या करारांत आले.

१२. टॉम डेम्प्सीच्या बुटामुळे त्याला फायदा मिळाला का?

मला तसे वाटत नाही. डेम्प्सीच्या (जन्म १२ जानेवारी १९४७) उजव्या पायाला जन्मतः बोटे नव्हती आणि उजव्या हाताचीही बोटे नव्हती. त्या अर्ध्या पावलासाठी त्याने पुढून सपाट, ठोकळ्यासारखा बूट बनवून घेतला होता. ८ नोव्हेंबर १९७० रोजी न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून खेळताना त्याने अखेरच्या क्षणी ६३ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि डेट्रॉइट लायन्सचा १९-१७ असा पराभव झाला. आधीचा विक्रम ५६ यार्डांचा होता. सपाट बुटाने चेंडूवर मोठा पृष्ठभाग मिळतो असा आक्षेप घेतला गेला आणि १९७७ मध्ये, अशा बुटाचा लाथ मारण्याचा भाग नेहमीच्या बुटासारखाच हवा, असा नियम झाला. परंतु पृष्ठभाग मोठा असला तरी पावलाची बोटे व सांधे नसताना तोल सांभाळावा लागतो, हे टीकाकार विसरतात. हा विक्रम ८ डिसेंबर २०१३ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे, अबाधित राहिला. त्या दिवशी मॅट प्रेटरने ६४ यार्डांवरून गोल मारला.

एक उपप्रश्न नेहमी येतो : तेव्हा खांब गोलरेषेवर होते आणि १९७४ मध्ये ते दहा यार्ड मागे गेले, मग तुलना योग्य कशी? अंतर दोन्ही काळांत लाथ मारल्या जागेपासून खांबांपर्यंतच मोजले जाते, त्यामुळे ६३ म्हणजे ६३ च.

१३. एकही सामना न हरता विजेतेपद मिळवणारा मायामी डॉल्फिन्स हा एकमेव संघ आहे ना?

एनएफएलपुरते बोलायचे तर होय. १९७२ च्या हंगामात त्यांनी १४ साखळी सामने आणि ३ बाद फेरीचे सामने जिंकले. प्रश्न ९ मधल्या झेलानंतर आठ दिवसांनी स्टीलर्सला हरवणारेही तेच. १४ जानेवारी १९७३ च्या सुपर बोलमध्ये ते वॉशिंग्टनविरुद्ध १४-० असे पुढे असताना गॅरो येप्रेमियनचा फील्ड गोल अडवला गेला. त्याने परत आलेला चेंडू उचलून फेकण्याचा प्रयत्न केला, तो हातातून सटकला आणि वॉशिंग्टनच्या माइक बासने तो पकडून थेट टचडाउन केला. तो गोल झाला असता, तर १७-० च्या हंगामाचा शेवट १७-० अशाच धावफलकाने झाला असता.

अपवाद दोन प्रकारचे आहेत. शिकागो बेअर्स १९३४ व १९४२ मध्ये आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्स २००७ च्या हंगामात साखळीत अपराजित राहिले, पण अंतिम सामना हरले. पेट्रियट्सचा तो पराभव ३ फेब्रुवारी २००८ रोजी जायंट्सकडून १४-१७ असा झाला. दुसरा अपवाद क्लीव्हलँड ब्राउन्सचा : १९४८ मध्ये ते विजेतेपदासह पंधराच्या पंधरा सामने जिंकले, परंतु तेव्हा ते ‘ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स’ या प्रतिस्पर्धी लीगमध्ये होते.

१४. सामन्यात मागे पडून केलेले सर्वांत मोठे पुनरागमन कोणते? तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात.

तिन्ही बरोबर आहेत, स्पर्धेचा टप्पा मात्र वेगळा आहे. एकूण विक्रम मिनेसोटा व्हायकिंग्जचा : १७ डिसेंबर २०२२ रोजी ०-३३ वरून ३९-३६. बाद फेरीत बफेलो बिल्सचा : ३ जानेवारी १९९३ रोजी ३-३५ वरून ४१-३८. सुपर बोलमध्ये पेट्रियट्सचा : ५ फेब्रुवारी २०१७ रोजी ३-२८ वरून ३४-२८. तिन्ही सामने जादा वेळेत गेले.

१५. एकाच दिवशी जन्मलेल्या खेळाडूंच्या जोड्या सांगाल का?

१७ सप्टेंबर वर (प्रश्न ३) आलाच आहे. ११ जून ही तारीख प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी (१९१३) आणि क्वार्टरबॅक जो मॉन्टाना (१९५६) यांची. एकाच्या नावाने सुपर बोलचा चषक आहे आणि दुसऱ्याने तो चार वेळा उचलला. ९ डिसेंबरला डीकन जोन्स (१९३८) आणि डिक बटकस (१९४२) हे प्रतिस्पर्ध्यांना धडकी भरवणारे दोन बचावपटू जन्मले. २५ जुलै ही वुडी स्ट्रोड (१९१४) आणि वॉल्टर पेटन यांची. ड्रू ब्रीजचा जन्म १५ जानेवारी १९७९ चा, म्हणजे पहिल्या सुपर बोलच्या बाराव्या वाढदिवशीचा.

२९ फेब्रुवारीचीही विचारणा होते. १९९५ चा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला ब्राइस पॉप २९ फेब्रुवारी १९६८ रोजी जन्मला. इतर वर्षी त्याची नोंद २८ फेब्रुवारीलाच दिली आहे.

१६. जिम थॉर्पची जन्मतारीख प्रत्येक ठिकाणी वेगळी का?

थॉर्पचा जन्म आजच्या ओक्लाहोमात, त्या वेळच्या इंडियन टेरिटरीत, सॅक अँड फॉक्स या मूलनिवासी जमातीत झाला आणि त्याचा जन्मदाखला उपलब्ध नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून २२ मे १८८७ ही तारीख धरतात, तर तो स्वतः २८ मे १८८८ सांगत असे. काही ठिकाणी या दोन्हींची सरमिसळ होऊन २८ मे १८८७ छापले जाते. यादीत २२ मे घेतली आहे आणि तळटीपेत दुसरी दिली आहे, कारण माणसाने स्वतः सांगितलेली तारीख पुसून टाकणे योग्य वाटत नाही.

त्याच्या बाबतीत कागदांनी पूर्वीही घोळ घातलेला आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन व डेकॅथलॉनची सुवर्णपदके जिंकली, पण त्याआधी थोडेफार पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून १९१३ मध्ये ती काढून घेण्यात आली. १९२० मध्ये प्रश्न ३ मधल्या संघटनेचा तो पहिला अध्यक्ष झाला, १९५३ मध्ये वारला, १९८२ मध्ये त्याला संयुक्त विजेता ठरवले गेले आणि एकमेव विजेता हा मान परत मिळायला जुलै २०२२ उजाडले.

वॉल्टर पेटनचा घोळ यापेक्षा लहान आहे : दिवस २५ जुलै निश्चित, परंतु जुन्या पुस्तकांत वर्ष १९५४ असते आणि आता १९५३ मानले जाते.

१७. १९३४ ते १९४५ या काळात यादीत एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसत नाही. राहून गेले का?

राहून गेलेले नाही. त्या बारा वर्षांत एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९२० च्या पहिल्याच हंगामात फ्रिट्झ पोलार्ड (जन्म २७ जानेवारी १८९४) विजेत्या अ‍ॅक्रन संघात होता आणि पुढच्या वर्षी तो संघाचा प्रशिक्षकही झाला. म्हणजे दार आधी उघडे होते आणि १९३३ नंतर, कोठेही लेखी नियम न करता, ते बंद झाले. १९४६ मध्ये रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला तेव्हा, सार्वजनिक पैशाने बांधलेले स्टेडियम हवे असेल तर कृष्णवर्णीयांना वगळता येणार नाही, अशी तेथील कृष्णवर्णीय पत्रकारांनी मागणी लावून धरली. त्यातून केनी वॉशिंग्टन (जन्म ३१ ऑगस्ट १९१८) व त्याचा कॉलेजचा सोबती वुडी स्ट्रोड यांना घेण्यात आले. वॉशिंग्टनचे गुडघे तोवर शस्त्रक्रियांनी थकलेले होते आणि त्याची उमेदीची वर्षे छोट्या लीगमध्ये गेली होती.

१८. या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

थोडा, पण खरा. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मुंबईतील अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी फ्लॅग फुटबॉलचा समावेश मंजूर झाला. आपल्या वर्तमानपत्रांत त्या दिवशी मथळा क्रिकेटचा होता, कारण क्रिकेटही त्याच ठरावात होते. फ्लॅग फुटबॉलमध्ये पाच-पाच खेळाडू असतात आणि अंगावर आदळण्याऐवजी कमरेची पट्टी ओढून प्रतिस्पर्ध्याला थांबवतात. त्यापूर्वी २०१२ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’त पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ होते.

१९. जो सामना पूर्णच झाला नाही, त्याची नोंद कशी करता?

२ जानेवारी २०२३ चा बफेलो बिल्स विरुद्ध सिनसिनाटी बेंगल्स हा सामना त्याचे उदाहरण आहे. पहिल्याच सत्रात बिल्सचा डमार हॅमलिन (जन्म २४ मार्च १९९८, पेटन मॅनिंगचाही वाढदिवस हाच, साल १९७६) एका खेळाडूला अडवून उठला, दोन पावले टाकली आणि कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. मैदानावरच छातीवर दाब देऊन व विजेचा झटका देऊन ते पुन्हा सुरू करण्यात आले. भोवती त्याच्या सहकाऱ्यांनी गुडघे टेकून कडे केले होते. सामना थांबला तो पुन्हा खेळवला गेला नाही, त्यामुळे इतर संघांचे १७ साखळी सामने झाले आणि या दोघांचे १६ च राहिले. विक्रमांच्या कोष्टकात हा सामना नाही. दिनविशेषात मात्र निकालाचा रकाना मोकळा ठेवून तो दिला आहे. त्याच्याच खालची नोंद ८ जानेवारीची आहे : बिल्सचा पुढचा सामना, पहिलीच किक, नाहीम हाइन्सने ती झेलली आणि ९६ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. हॅमलिन तेव्हा रुग्णालयात टीव्ही पाहत होता.